सामाईक स्वयंपाकघर नसलेली जागा

आमच्या घरात माझ्याआधी लिहिणारं माणूस एकच होतं, माझे वडील, आणि ते लिहायचे ती यादी. लग्नघरची माणसं यायची, तारीख आणि पानं किती ते सांगायची, आणि आप्पा माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसायचे. बेसन, तूप, वेलदोडे, जळण. त्या यादीत एक शब्द जास्त नसायचा आणि एक कमी नसायचा. मी आता जे लिहायला बसलोय त्यात काय किती लागतं, हे मला माहीत नाही. कॉलेजात मी माती आणि पाणी यांच्याबद्दल शिकलो, लिहिण्याबद्दल नाही. तेव्हा ज्यांना लिहिता येतं त्यांच्या पंगतीत येऊन बसल्याबद्दल आधीच माफी मागतो. ही गोष्ट कुणाला तोंडाने सांगता आली असती तर लिहिली नसती.

आप्पा आचारी आहेत. साताऱ्याकडच्या एका गावात लग्न, मुंज, बारसं, तेरावं, जे असेल त्याचा स्वयंपाक ते करतात. मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. तिथून शिष्यवृत्तीवर न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला आलो. आल्यावर पहिल्याच गणपतीला एका काकूंनी विचारलं, "वडील काय करतात रे?"

मी म्हणालो, "बाबांचा केटरिंगचा बिझनेस आहे."

त्या एका वाक्यातलं काहीच खरं नव्हतं. बिझनेस नव्हता आणि मी त्यांना जन्मात कधी बाबा म्हटलं नव्हतं. काकू पुण्याच्या, आयटीत नोकरी करणाऱ्या, आणि इथल्या मराठी मंडळींचं सगळं जुळवून आणणाऱ्या. पहिल्या थंडीत त्यांनी स्वतःच्या मुलाचा जाड कोट मला आणून दिला होता. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी आणखी एक वाटी आमटी वाढली असती, एवढंच. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ते वाक्य पुढे दोन वर्षं वापरलं.

ही लाज इथली नव्हे, मी ती गावाहून बरोबर आणली होती. आठवीत असताना वर्गातल्या एका मुलाच्या भावाची मुंज होती. स्वयंपाक आप्पांचाच होता, आणि मला मित्र म्हणून वेगळं आमंत्रण होतं. मी पाच-सहा पोरांबरोबर पंगतीत बसलो. वाढपी कमी पडले म्हणून आप्पा स्वतः जिलबीचं ताट घेऊन बाहेर आले. बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी, खांद्यावर पंचा. वाढत वाढत माझ्यापुढे आले. मी मान वर केली नाही. पानावर हात आडवा धरला, अनोळखी वाढप्यापुढे धरतात तसा. आप्पा क्षणभर थांबले आणि पुढच्या पानाकडे गेले. घरी त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पण त्यानंतर मी जिथं जेवायला असायचो तिथं आप्पा वाढायला कधी मांडवात आले नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या पदवीदानाला आईआप्पा इथं यायचं ठरलं. मी फोनवर विचारलं, "आप्पा, इकडं काय काय बघायचंय?"

"समुद्र," ते म्हणाले.

"एवढंच? आणि समुद्र तर रत्नागिरीला बघितला असशील की. दोन लग्नं केलीस तिकडं."

"आरं, मागच्या दारानं आत, मागच्या दारानं भाईर. आवाज यायचा नुसता."

पदवीदान ईस्टरच्या आठवड्यात होतं. ईस्टरच्या सुट्टीत इथली पंधरा-वीस मराठी घरं मिळून दरवर्षी कायकोराकडच्या एका कॅरव्हॅन पार्कात जातात. समुद्राला लागून मोठं मैदान, तिथं लोक आपली चाकांवरची घरं आणून लावतात, ज्यांच्याकडे नसतात त्यांना तिथलीच भाड्याने मिळतात, शिवाय लहान केबिनी. आंघोळीच्या खोल्या आणि स्वयंपाकघर मात्र सगळ्यांचं एकच. आदल्या वर्षी मीही गेलो होतो. लांबलचक स्वयंपाकघर, शेगड्यांची रांग, एकीकडे कुणी कांदा चिरतंय, दुसरीकडे कुणाची मुलं इंग्रजीत भांडतायत, काकू सगळ्यांवर ओरडतायत.

"तुझे आईबाबा इथेच असतील ना तेव्हा?" काकू म्हणाल्या. "मग तुम्ही तिघं आमच्याबरोबर. केबिन धरून ठेवते मी."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मला ते लांब स्वयंपाकघर दिसत होतं. आप्पा आत जाणार, पंचा खांद्यावर टाकणार, आणि पाच मिनिटांत ती जागा त्यांची होणार. कुणाच्या हातातून झारा काढून घेणार, "ताई, असं न्हवं," म्हणणार. मग कुणीतरी कौतुकाने विचारणार, "काका, तुमच्याकडे स्टाफ किती आहे?" आणि आप्पा खरं उत्तर देणार.

पुढचे तीन आठवडे मी प्रयोगशाळेतून आलो की लॅपटॉपवर कॅरव्हॅन पार्क शोधत बसायचो. लोक शोधतात ते किनारा किती जवळ, गरम पाणी किती वेळ, मुलांना उड्या मारायला काही आहे का. मी शोधत होतो ती सामाईक स्वयंपाकघर नसलेली जागा. ती कायकोराच्या उलट दिशेलाही हवी होती. लोकांनी लिहिलेल्या तक्रारी मी शिफारशीसारख्या वाचायचो. दक्षिणेला ओमारूच्या पुढे एक लहानसा पार्क सापडला. त्याच्याखाली एका बाईंनी लिहिलं होतं की तिथं सगळ्यांना मिळून रांधायला जागाच नाही, ज्याने त्याने आपल्या कॅरव्हॅनमध्ये बसायचं, कुणाशी ओळख म्हणून होत नाही. ते मी दोनदा वाचलं आणि जागा धरून टाकली.

माझ्याबरोबर राहणारा इथला मुलगा खांद्यावरून डोकावला. "ईस्टरला तिकडं? तिकडं कुणीच जात नाही, मेट."

"स्वीट अ‍ॅज," मी म्हणालो, म्हणजे इथल्या भाषेत झकास.

मनाशी मात्र मी दुसरंच कारण तयार केलं होतं. या कॅरव्हॅनला स्वतःची मोरी आहे, आईचे गुडघे दुखतात, तिला आंघोळीच्या खोल्यांपर्यंत चालत जावं लागणार नाही. हे कारण इतकं चांगलं होतं की मला अधूनमधून स्वतःचं कौतुकही वाटायचं.

काकूंना सांगितलं, "बाबांना गर्दी सोसत नाही, त्यांना शांत जागा हवीय." त्या म्हणाल्या, "बरं, त्यांच्या मनासारखं करा." आप्पांना फोनवर सांगितलं, "सुट्टीत आपण तिघंच समुद्रावर जाऊ. तीन आठवडे शोधून जागा धरलीय, तिथं स्वयंपाकघरच नाही, तुलाही सुट्टी. इथली मराठी माणसं या दिवसांत कुठं जात नाहीत, घरीच असतात."

पलीकडे काहीतरी लोखंडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आप्पा म्हणाले.

इथं अशी पद्धत आहे की कुणाचे आईवडील येणार असं कळलं की त्यांच्या बॅगेतली जागा आधीच वाटली जाते. काकूंच्या आईने पुण्याहून मेतकूट, भाजणी आणि गुडघ्याचं तेल पाठवलं होतं. त्यासाठी काकूंनी माझ्याकडून आप्पांचा नंबर घेतला होता, आणि आप्पा स्वतः पुण्याला जाऊन ते पार्सल घेऊन आले होते. विमानतळावर सगळी बॅग उघडावी लागली. आई बाहेर आली ती हसतच.

"तुझ्या आप्पानं त्या सायबाला बुंदी पाडून दावली. हातानं. अशी, अशी. त्यो बी हसाय लागला."

"बुंदी? कशाला?"

"झारा आणलाय न्हवं का."

घरी आल्यावर बघितलं. खरंच, धोतराच्या घडीत गुंडाळलेला त्यांचा बुंदीचा मोठा झारा होता, लांब दांड्याचा, वर्षानुवर्षं तुपात बुडून काळा पडलेला.

"हा इथं कशाला आणलास, आप्पा?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. सवय," ते म्हणाले.

पदवीदान झालं, फोटो झाले. काकूंचं पार्सल मी एकटाच जाऊन देऊन आलो. सुट्टीच्या पहिल्या सकाळी मित्राची गाडी घेऊन आम्ही दक्षिणेला निघालो. टिमारूला चहाला थांबलो तेव्हा आप्पा आईचा फोन घेऊन एकटेच लांब, कठड्यापाशी गेले. मी काचेतून बघत होतो. पाठ आमच्याकडे होती. एक हात हवेत काहीतरी मोजून दाखवत होता, मूठभर, पसाभर. चहा निवला तरी आले नाहीत.

"कुणाशी बोलतोय एवढं?" मी आईला विचारलं.

"बोलंना का. कुणी यादी विचारत आसंल," आई म्हणाली आणि बिस्किटाकडे बघत राहिली.

पार्क होता तसाच होता, फोटोतल्यापेक्षा थोडा जुना. आठ-दहा कॅरव्हॅन, त्यातल्या निम्म्या बंद. आईने आमच्या कॅरव्हॅनच्या पायरीवर पाय ठेवला आणि आत डोकावली. "आगं बया, हे घर हाय का टेंपो?"

पार्क चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाई जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून चिखलातून आल्या. "किया ओरा," असा इथला नमस्कार केला, आणि मग माझ्याकडे बघून अपराधी चेहऱ्याने सांगू लागल्या की तुमच्या कॅरव्हॅनची शेगडी पेटत नाही, सुटा भाग यायचाय. पण काळजी नको. मागे एक जुनं स्वयंपाकघर आहे, आम्ही जाहिरातीत लिहीत नाही, खास तुमच्यासाठी उघडून ठेवलंय.

आप्पांना इंग्रजी येत नाही. पण बाईंनी बोट दाखवलं तिकडं एक पत्र्याची खोली होती आणि तिला धुराडं होतं. ते कळायला त्यांना भाषा लागली नाही.

मी सामान लावून मागे गेलो तोवर त्यांनी ओटा पुसून घेतला होता, स्वतःच्या पंच्याने. मग खिशातून छोटी डबी काढली. आचारी माणूस भट्टीची पूजा केल्याशिवाय काडी ओढत नाही. हळद, कुंकू, चार अक्षता, एक सुपारी. मोठं काम असेल तर नारळ. आप्पांनी ते साध्या चहालाही कधी चुकवलेलं नाही, नवी जागा असली तर. त्यांनी शेगडीच्या पुढच्या पट्टीवर दोन बोटांनी हळदकुंकू लावलं, समोर सुपारी ठेवली, डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. शेजारच्या कॅरव्हॅनमधलं एक वयस्कर जोडपं किटली घेऊन येत होतं.

मी दोन ढांगांत पुढे झालो. कागदी रुमाल फाडला, कुंकू पुसलं, सुपारी त्याच कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. आप्पांचे हात अजून जोडलेलेच होते.

ती बाई बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही वाईट नव्हतं. उलट उत्सुकता होती. "किती सुंदर होतं ते," ती इंग्रजीत म्हणाली, "ती प्रार्थना होती का?"

"नथिंग," मी म्हणालो. "जस्ट सॉस."

त्या उत्तरातला एक शब्द आप्पांना येत होता. लग्नाच्या यादीत हल्ली सॉस असतो.

जोडप्याने पाणी उकळलं, हसून निरोप घेतला, गेलं. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुसलंस? बरं केलंस. दुसऱ्याची जागा हाय. डाग पडला आसता."

त्यांनी तिघांपुरतं पिठलं केलं आणि भात लावला. हात भरभर चालत होते, पण चव बघ म्हणून मला हाक मारली नाही. जेवण झाल्यावर भांडी घासली, ओटा पुन्हा पुसला, दार ओढून घेतलं. त्यानंतरच्या दोन दिवसांत ते तिथं पुन्हा गेले नाहीत. "सुट्टी हाय, सैपाक कशाला?" म्हणाले. आम्ही डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाव आणला आणि तळलेले बटाटे खाल्ले. मी त्या डब्यातली सुपारी काढून आणायला दुसऱ्या सकाळी गेलो. डबा रिकामा केलेला होता.

समुद्र मात्र आप्पांनी बघितला. सकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. वाळू नव्हती, गोल गोल गोटे होते, आणि लाट मागे जाताना ते सगळे एकमेकांवर खडखडत होते. आईने पदर खोचला आणि गोटे वेचायला लागली.

"पाटा घडवतीस का काय?" आप्पा म्हणाले.

"न्हाय, तुमच्या डोक्यात घालायला."

आप्पा हसले. मग दोन्ही हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्हीकडे लांबपर्यंत कुणी नव्हतं. एक कुत्राही नव्हता.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"लई मोठा," आप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चार माणसं आसती तर आजून बरं वाटलं आसतं."

मी आईच्या गुडघ्यांबद्दल, स्वतंत्र मोरीबद्दल काहीतरी बोलू लागलो. आप्पा मान हलवत राहिले. "व्हय, व्हय. सोय चांगली केलीस."

तिथंच सांगायला हवं होतं. वारा होता, लाटांचा आवाज होता, कुणाला ऐकू गेलं नसतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "थंडी वाजत असेल तर जाऊ या."

जाताना आप्पांनी झारा बॅगेत भरला नाही. "इथंच ऱ्हाऊ दे. कुणी मागितला तर दे," म्हणाले. इथं कोण मागणार, असं मनात म्हणून मी तो सिंकखालच्या कपाटात, साफसफाईच्या बाटल्यांमागे ठेवून दिला.

सहा महिने मी काकूंना टाळलं. मेसेजला उत्तर द्यायचो, घरी जायचो नाही. संशोधन सुरू झालं होतं, कारण तयारच होतं. दिवाळीच्या आधी शहरातल्या रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानात मेथीची जुडी बघत होतो, तर मागून आवाज आला.

"अरे ए संशोधक! जिवंत आहेस होय!"

काकूंच्या टोपलीत बेसनाच्या चार पिशव्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरा सापडलास. झारा दे आता. ईस्टरला तर बुंदीचा नुसता फज्जा झाला, चाळणीतून पाडली रे आम्ही. मुलं म्हणाली, मम, इट्स ब्रेकफस्ट सिरियल!"

"कसला झारा?"

"म्हणजे काय? बाबा तुझ्याकडे ठेवून गेलेत ना? मला म्हणाले होते, पोराकडून घेऊन जा. तू विसरलास वाटतं."

मी मेथी हातात धरून उभा होतो. काकूंना वाटलं मला खरंच काही आठवत नाही, म्हणून त्या सांगू लागल्या. पार्सलसाठी फोन केला होता तेव्हाच त्यांनी आप्पांना ईस्टरचं सांगितलं होतं. आप्पा इतके खूश झाले की म्हणाले, साठ माणसं ना, मग बुंदी माझ्याकडे, मी आचारीच आहे ताई, झारा घेऊनच येतो.

"आणि मग तू म्हणालास त्यांना गर्दी नको. खरं सांगू, मला लागलं ते. म्हटलं आपलं काय चुकलं? पण निघायच्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, वाटेतून. किती माफी मागत होते रे. म्हणाले, माझी पाठ धरलीय, साठ माणसांचं उभ्यानं व्हायचं नाही, पण पोराला बोलू नका, तो कष्टी होईल. मग सगळा मसालेभात मला फोनवर सांगितला. मूठ किती, पसा किती. पाठ कशी आहे आता त्यांची?"

"बरी आहे," मी म्हणालो. आप्पांची पाठ कधीच दुखत नव्हती.

"बरी राहणारच," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातातली मेथी घेऊन स्वतःच्या टोपलीत टाकली. "आणि तुझं किती कौतुक करत होते माहितेय? म्हणाले, माझ्या पाठीसाठी पोरानं तीन आठवडे बसून जागा शोधली. जिथं मला सैपाकघराचं तोंडसुद्धा बघायला लागणार नाही अशी."